गर्भाशयमुखाचा लहान कॅन्सर आणि पिशवी वाचवणारी शस्त्रक्रिया: कोणत्या क्रमाने काय करायचं आणि कुठे चुकतं

बायोप्सीच्या कागदावर 'कॅन्सर' हा शब्द दिसला की घरात कुणीतरी म्हणतंच, "पिशवी काढून टाका, म्हणजे काळजी मिटली." गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हा सल्ला दोन्ही बाजूंनी महागात पडतो. मूल हवं असलेल्या बाईची पिशवी गरज नसताना जाते. आणि आजार किती खोल आहे हे न मोजताच साधी पिशवी काढली, तर पुढे तो अपेक्षेपेक्षा मोठा निघतो, किरणोपचार जोडावे लागतात आणि बीजकोशही निकामी होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॉनसर्व्ह अभ्यासात कॅन्सरचं निदान व्हायच्या आधीच, नकळत साधी पिशवी काढली गेलेल्या बायकांचा एक छोटा गट होता. दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण त्या गटात १२.५ टक्के होतं. मोजूनमापून कोन, म्हणजे गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा, काढलेल्या आणि पिशवी राखलेल्या गटात ते २.४ टक्के होतं. गट लहान होते, पण आधी मोजमाप आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम का पाळायचा ते त्यातून कळतं.

हा लेख रुग्ण आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. निर्णय स्त्रीरोग-कॅन्सर शल्यविशारदाचाच असेल. पण कोणती पायरी कधी यायला हवी आणि कोणता प्रश्न कोणत्या दिवशी विचारायचा, हे तुम्हाला माहीत असेल तर संधी हातची जाणार नाही.

## पायरी १: रिपोर्ट, काचा आणि ब्लॉक ताब्यात घ्या

फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही. पॅथॉलॉजी लॅबकडून तीन गोष्टी मागा: मूळ रिपोर्ट, रंगवलेल्या काचा आणि मेणाचे ब्लॉक. कॅन्सरच्या गाठी नियमित वाचणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून काचा पुन्हा तपासून घ्या. खोली २.८ मिलिमीटर आहे की ३.४, एवढ्याशा फरकाने उपचार बदलतो. म्हणून हे दुसरं वाचन टाळू नका.

रिपोर्टमध्ये या गोष्टी शोधा आणि एका कागदावर उतरवून ठेवा:

- कॅन्सरचा प्रकार: स्क्वॅमस, अॅडेनोकार्सिनोमा की आणखी काही
- ग्रेड: १, २ की ३
- आजार आत किती खोल गेला, मिलिमीटरमध्ये
- एलव्हीएसआय, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या का
- कडा स्वच्छ आहेत का, आणि आजारापासून कडेपर्यंत किती अंतर आहे

यातली एखादी गोष्ट लिहिलेली नसेल तर ती 'नाही' असं धरू नका. ती पाहिलीच गेली नाही, असंही असू शकतं. पॅथॉलॉजिस्टला विचारून रिपोर्टमध्ये लेखी जोडून घ्या.

सावधान: चिमट्याने घेतलेल्या छोट्या बायोप्सीवरून खोली ठरत नाही. तुकडाच ४ मिलिमीटर जाड असेल आणि आजार त्याच्या तळापर्यंत पोचला असेल, तर खरी खोली 'किमान ४' एवढंच म्हणता येतं. "बायोप्सीत थोडंच होतं" हे वाक्य या कारणासाठी निरर्थक आहे.

## पायरी २: स्टेज नेमकी कोणती ते समजून घ्या

सध्या फिगोचं, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, २०१८ सालचं वर्गीकरण वापरतात. आपल्या कामाचा भाग एवढाच:

- आयए१: फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा, खोली ३ मिलिमीटरपर्यंत
- आयए२: खोली ३ पेक्षा जास्त, ५ मिलिमीटरपर्यंत
- आयबी१: खोली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त, पण सर्वांत मोठं माप २ सेंटिमीटरपर्यंत
- आयबी२: २ ते ४ सेंटिमीटर

इथे एक घोळ वारंवार होतो. २०१८ पूर्वीच्या वर्गीकरणात 'आयबी१' म्हणजे ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ. जुन्या सवयीने कुणी केसपेपरवर आयबी१ लिहिलं आणि गाठ प्रत्यक्षात ३ सेंटिमीटरची असेल, तर दुसरा डॉक्टर ती लहान समजून बसेल. म्हणून स्टेजबरोबर माप सेंटिमीटरमध्ये लिहून मागा. स्टेज आणि माप जुळत नसतील तर तिथेच थांबून विचारा.

पिशवी वाचवण्याचा विचार सर्वसाधारणपणे २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत होतो. प्रकार स्क्वॅमस किंवा नेहमीचा, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा अॅडेनोकार्सिनोमा असावा आणि लसिका ग्रंथींत आजार नसावा. न्यूरोएंडोक्राइन आणि गॅस्ट्रिक प्रकारचा अॅडेनोकार्सिनोमा हे प्रकार गाठ लहान असतानाच लांब पसरतात. त्यांत पिशवी वाचवण्याचा हट्ट धरू नये. इथे आम्ही गुळमुळीत बोलणार नाही: या दोन प्रकारांत हा मार्ग सुरक्षित नाही.

## पायरी ३: एमआरआय आधी, कोन नंतर

सर्वांत जास्त चूक या क्रमात होते. घाईघाईने कोन काढला जातो आणि चार दिवसांनी एमआरआय होतो. तेव्हा त्या जागी सूज असते, रक्त साकळलेलं असतं. उरलेली गाठ कोणती आणि भरत आलेली जखम कोणती, हे चित्रात सांगता येत नाही. डोळ्याला गाठ दिसत असेल किंवा कॅन्सर छोट्या बायोप्सीत सिद्ध झाला असेल, तर कोन काढण्याआधी ओटीपोटाचा एमआरआय करून घ्या. छोट्या बायोप्सीनंतर शक्यतो १० ते १४ दिवस जाऊ द्या. कोन आधीच झाला असेल तर सूज उतरायला काही आठवडे लागतात. नेमकं किती थांबायचं ते रेडिओलॉजिस्टशी बोलून ठरवा.

एमआरआयच्या चिठ्ठीवर फक्त 'पेल्विस' लिहिलेलं असू नये. तीन प्रश्न लिहून न्या:

1. गाठीचं तिन्ही दिशांतलं माप किती?
2. गाठीचा वरचा काठ आणि पिशवीचं आतलं तोंड यांत अंतर किती?
3. गर्भाशयमुखाच्या भिंतीत गाठ अर्ध्यापेक्षा खोल गेली आहे का? बाजूच्या ऊतींत, योनीत किंवा ग्रंथींत काही दिसतं का?

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वर सुमारे १ सेंटिमीटर निरोगी भाग मिळाला तरच गर्भाशयमुख काढल्यावर टाका घालायला जागा उरते. हे माप नीट यायला गर्भाशयमुखाच्या नळीला काटकोनात घेतलेल्या तिरक्या प्रतिमा लागतात. त्यासाठी तंत्रज्ञाला आधी सूचना द्यावी लागते, नंतर रिपोर्ट लिहिताना ती उणीव भरून निघत नाही.

दिसणारी गाठ असेल तर छातीचा सीटी किंवा पेट-सीटीही सांगितला जातो. पेट-सीटीत ग्रंथी 'थंड' दिसल्या म्हणजे त्या स्वच्छच आहेत असं नाही. काही मिलिमीटरचा आजार त्या तपासणीत निसटतो. म्हणूनच पुढे ग्रंथी काढून तपासाव्या लागतात.

तपासा: पुढे जाण्याआधी तुमच्या कागदावर प्रकार, ग्रेड, एलव्हीएसआय, गाठीचं माप आणि आतल्या तोंडापासूनचं अंतर, हे पाच रकाने भरलेले असावेत. खोलीचा पक्का आकडा कोननंतर येईल. या तपासण्यांत दोन-चार आठवडे गेले म्हणून घाबरू नका. पण मुदत ठरवा. "बघू पुढच्या महिन्यात" करत महिने जाऊ देऊ नका.

## पायरी ४: कोन, एकाच अखंड तुकड्यात

कोनायझेशन म्हणजे गर्भाशयमुखातून शंकूच्या आकाराचा तुकडा काढणं. डोळ्याला न दिसणाऱ्या आजारात ही तपासणी असते आणि कधीकधी उपचारही तोच ठरतो. म्हणून तुकडा कसा निघतो आणि लॅबमध्ये कसा पोचतो, यावर सगळं अवलंबून आहे.

तुकडा एकसंध हवा. तो तीन-चार कपच्यांत निघाला तर पॅथॉलॉजिस्टला कुठली कड आतली, कुठली बाहेरची, हे कळत नाही. खोलीची बेरीजही करता येत नाही. साध्या चाकूने काढलेल्या कोनाच्या कडा स्वच्छ दिसतात, म्हणून कॅन्सरच्या शंकेत तो पसंत केला जातो. विजेच्या तारेच्या कड्याने, म्हणजे लीपने, काढायचा असेल तरी चालतं. मात्र तुकडा एकच असावा आणि कडा करपलेल्या नसाव्यात. करपलेल्या कडेवर पेशी ओळखू येत नाहीत, आणि मग रिपोर्टमध्ये 'कडेबद्दल सांगता येत नाही' असं येतं.

तुकडा बाहेर आला की तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी घड्याळाच्या १२ वाजताच्या जागी दोऱ्याचा एक टाका घातला जातो. चिठ्ठीवर '१२ वाजता टाका' असं लिहिलं जातं. एवढ्याशा दोऱ्यामुळे तुकडा शरीरात कसा बसलेला होता ते लॅबमध्ये कळतं. कड पुन्हा काढायची वेळ आलीच, तर नेमकी कुठली ते सांगता येतं. कोनाच्या वर उरलेल्या नळीतून खरवडून वेगळा नमुना घेतात. तो वेगळ्या डबीत आणि वेगळ्या नावाने जायला हवा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "तुकडा एकच निघेल ना? टाका घालून पाठवणार ना?" हा आगाऊपणा नाही. या दोन गोष्टी न झाल्यामुळे कोन पुन्हा करावा लागतो, आणि प्रत्येक जादा कोनाबरोबर गर्भाशयमुखाची लांबी कमी होते. मूल पोटात धरून ठेवण्याचं काम त्याच लांबीचं असतं.

कड स्वच्छ असणं म्हणजे तिथे कॅन्सर नाही आणि कॅन्सरपूर्व बदलही नाही. अंतर शक्यतो ३ मिलिमीटर असावं. कडेवर आजार असेल तर स्टेज अजून ठरलेलीच नाही असं समजा. कोन पुन्हा करायचा की पुढची शस्त्रक्रिया करायची, हे ठरल्यावरच पुढे जा.

कोननंतर ४ ते ६ आठवडे संबंध, टॅम्पॉन आणि पोहणं बंद. पहिले काही दिवस थोडं रक्त जातं आणि थांबतं. मग ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान खपली सुटताना पुन्हा जाऊ शकतं. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

## पायरी ५: कोणाला किती शस्त्रक्रिया

आयए१, एलव्हीएसआय नाही, कडा स्वच्छ: कोन झाला की उपचार झाला. ग्रंथी काढायची गरज नसते. इथे पिशवी काढायला सांगितलं गेलं आणि मूल हवं असेल, तर दुसरं मत घ्याच.

आयए१ पण एलव्हीएसआय आहे, किंवा आयए२: कोन किंवा साधी ट्रॅकेलेक्टॉमी, सोबत ओटीपोटातल्या ग्रंथींची तपासणी. ट्रॅकेलेक्टॉमी म्हणजे गर्भाशयमुख काढायचं, पिशवी ठेवायची. काही केंद्रांत इथेही मोठी, म्हणजे रॅडिकल, ट्रॅकेलेक्टॉमी सुचवतात. कारण विचारा.

आयबी१, २ सेंटिमीटरपर्यंत: रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी आणि ग्रंथींची तपासणी हा रुळलेला मार्ग. यात गर्भाशयमुखाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंच्या आधार देणाऱ्या ऊती आणि योनीचा वरचा १ ते २ सेंटिमीटरचा पट्टा निघतो. मात्र धोका खरोखर कमी असेल, म्हणजे एलव्हीएसआय नाही, खोली १० मिलिमीटरपर्यंत, कडा स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ, तर कमी शस्त्रक्रियेचा पर्याय आता गंभीरपणे मांडला जातो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या शेप अभ्यासात कमी धोक्याच्या ७०० बायकांत साधी आणि रॅडिकल पिशवी काढण्याची तुलना झाली. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण अनुक्रमे सुमारे २.५ आणि २.२ टक्के होतं. तो अभ्यास पिशवी काढण्याचा आहे, वाचवण्याचा नाही. पण बाजूच्या ऊती प्रत्येकीच्या काढायलाच हव्यात, हा समज त्याने सैल केला. एलव्हीएसआय असेल तर बाजूच्या ऊती काढण्याकडेच कल ठेवावा.

२ ते ४ सेंटिमीटर: इथे जपून. आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करायची आणि मग पिशवी वाचवायची, असे प्रयत्न होतात. निवडक बायकांत पोटातून मोठी ट्रॅकेलेक्टॉमीही करतात. आजार परतण्याचा धोका लहान गाठीपेक्षा जास्त असतो. असा पर्याय फक्त ज्या केंद्रात या शस्त्रक्रिया नियमित होतात तिथेच ऐकून घ्या, आणि धोक्याचा आकडा मागितल्याशिवाय होकार देऊ नका.

पोट उघडून की दुर्बिणीतून, हा प्रश्नही विचारायला हवा. २०१८ च्या लॅक अभ्यासात दुर्बिणीतून रॅडिकल पिशवी काढलेल्या बायकांत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण ८६ टक्के, तर पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के होतं. ट्रॅकेलेक्टॉमीसाठी एवढा मोठा तसा अभ्यास नाही. तरी सर्जन दुर्बीण सुचवत असेल, तर गाठीच्या पेशी पोटात सांडू नयेत म्हणून काय काळजी घेणार, हे विचारा. छोटी जखम हे एकमेव कारण पुरेसं नाही.

## पायरी ६: बीजांचा विचार शस्त्रक्रियेआधी

पिशवी वाचली म्हणजे मूल झालं असं नाही. म्हणून वंध्यत्वतज्ज्ञाची एक भेट याच टप्प्यावर हवी. एएमएच (बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज देणारी रक्तचाचणी), बीजकोशांची सोनोग्राफी आणि जोडीदार असेल तर वीर्यतपासणी. वीर्यतपासणी मागे पडते, आणि दोन वर्षांनी कळतं की अडचण तिथेही होती.

बीजं किंवा भ्रूण गोठवायचे असतील तर इंजेक्शनांसह साधारण दोन आठवडे लागतात. प्रत्येकीला ते लागतंच असं नाही. पण ग्रंथींत आजार निघण्याची शक्यता जरा जास्त असेल, तर किरणोपचार लागू शकतात. त्यानंतर पिशवी गर्भ वाढवू शकत नाही आणि बीजकोश थांबतात. त्या दिवशी गोठवायला वेळ उरत नाही.

सावधान: गर्भाशयमुखावर दिसणारी गाठ असताना योनीमार्गे सुई घालून बीजं काढणं टाळतात. गाठीतून सुई गेली तर रक्तस्राव होतो आणि पेशी पसरण्याची भीती असते. पोटावरून काढायची सोय आहे का ते विचारा. आणि वंध्यत्वतज्ज्ञाला कॅन्सरचे सगळे रिपोर्ट आधी दाखवा.

## पायरी ७: तयारी आणि संमतीपत्र

हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी वाढवा. रक्त पातळ करणारी औषधं, आयोडीनची किंवा कसलीही अॅलर्जी, आधीची ऑपरेशनं हे सगळं लेखी द्या. तंबाखू आणि सिगारेट आजच बंद: जखम भरणं आणि एचपीव्ही शरीरातून जाणं, दोन्हींत ती आड येते. शस्त्रक्रियेच्या सकाळी गर्भचाचणी होते का, ते पाहा. भुलेआधी घन अन्न ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद, हा सर्वसाधारण नियम. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं तर तेच पाळा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं त्यावर लिहिलेली हवीत. तोंडी नकोत.

1. टेबलावर ग्रंथींत कॅन्सर निघाला तर काय? बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रिया तिथेच थांबवून केमो-किरणोपचार ठरतात.
2. वरची कड स्वच्छ आली नाही तर? आणखी थोडा भाग काढणार, की त्याच वेळी पिशवी काढणार?
3. किरणोपचार लागण्याची चिन्हं दिसली तर बीजकोश किरणांच्या पट्ट्याबाहेर वर सरकवून ठेवायचे का?

भुलीत असलेल्या बाईला हे विचारता येत नाही. बाहेर बसलेल्या नवऱ्याने किंवा आईने दोन मिनिटांत हा निर्णय घ्यावा, ही वेळ कुणावर येऊ नये.

## पायरी ८: शस्त्रक्रियेत काय, कोणत्या क्रमाने

आधी ग्रंथी, मग गर्भाशयमुख. हा क्रम बदलत नाही, कारण ग्रंथी स्वच्छ असणं ही पिशवी वाचवण्याची पहिली अट आहे.

गर्भाशयमुखात ३ आणि ९ वाजताच्या जागी रंगद्रव्य टोचतात. बहुतेक वेळा इंडोसायनीन ग्रीन. ते लसिकावाहिन्यांतून ज्या पहिल्या ग्रंथीपर्यंत जातं ती सेंटिनल ग्रंथी. दोन्ही बाजूंची मिळायला हवी. एका बाजूची मिळाली नाही तर त्या बाजूच्या ग्रंथी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण काढतात. काढलेली ग्रंथी लगेच गोठवून तपासतात. निळा रंग वापरला असेल तर नंतर एखादा दिवस लघवी हिरवट-निळी होते, तिला घाबरू नका.

ग्रंथी स्वच्छ निघाल्या की मूत्रवाहिन्या बाजूला करून गर्भाशयमुख, बाजूच्या ऊती आणि योनीचा पट्टा काढतात. वरच्या कडेचा पुन्हा गोठवून रिपोर्ट येतो. ती स्वच्छ असेल तर पिशवीच्या खालच्या टोकाभोवती न विरघळणारा कायमचा टाका घालतात आणि योनी पिशवीला जोडतात. नवं तोंड आक्रसू नये म्हणून काही सर्जन त्यात बारीक नळी काही दिवस ठेवतात. ती ठेवली असेल तर कधी काढायची ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

तपासा: डिस्चार्ज कार्डावर कायमचा टाका घातला का, कोणत्या धाग्याचा, गर्भाशयमुख किती उरलं आणि गर्भाशयाच्या धमन्या राखल्या की बांधल्या, हे असायला हवं. चार वर्षांनी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला ही माहिती लागेल.

## पायरी ९: घरी आल्यावरचे सहा आठवडे

रॅडिकल शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या नसा दुखावतात. लघवीची नळी काही दिवस, कधी दोन आठवडे राहते. नळी काढल्यावर लघवी 'झाली' म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं नाही. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफीने किंवा नळीने आत किती उरली ते मोजतात. साधारण १०० मिलिलिटरच्या आत हवी. जास्त उरत असेल तर नळी पुन्हा किंवा स्वतः नळी घालायला शिकावं लागतं. हे न मोजता घरी पाठवलं, तर मूत्राशय ताणून कायमचं ढिलं पडू शकतं.

पायात गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून चालणं, आणि सांगितली असतील तर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं पूर्ण मुदत. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, ताप, योनीतून सतत पाण्यासारखं वाहणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. सतत पाणी वाहणं हे लघवीच्या मार्गाला छिद्र पडल्याचं लक्षण असू शकतं. त्याला 'पांढरं जातंय' म्हणून सोडू नका.

६ आठवडे संबंध नको, जड उचलणं नको.

## पायरी १०: अंतिम रिपोर्ट

टेबलावरचा गोठवलेला रिपोर्ट अंतिम नसतो. सेंटिनल ग्रंथीचे पुढे अतिसूक्ष्म काप करून विशेष रंगाने तपासणी होते आणि त्यात बारीक आजार निघू शकतो. ग्रंथी, बाजूच्या ऊती किंवा कडा यांत कॅन्सर निघाला तर केमो-किरणोपचार सांगितले जातात. ही बातमी शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी येते, घरात पेढे वाटून झालेले असतात, आणि म्हणून ती दुप्पट लागते. अंतिम रिपोर्ट हातात येईपर्यंत 'सुटलो' म्हणू नका, आणि त्या भेटीला एकटं जाऊ नका.

## पायरी ११: पाठपुरावा

पहिली दोन वर्षं दर ३ ते ४ महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी. त्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन केलेली तपासणी, आणि एचपीव्ही चाचणी असते. साधारण ६ महिन्यांनी एमआरआयही सांगतात. ट्रॅकेलेक्टॉमीनंतरच्या पॅपमध्ये पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशी येतात आणि त्या 'संशयास्पद' म्हणून वाचल्या जाऊ शकतात. चिठ्ठीवर 'ट्रॅकेलेक्टॉमी झालेली आहे' असं दर वेळी लिहून द्या. नाहीतर विनाकारण घबराट होते.

पाळी नेहमीसारखी येते. ठरल्या दिवसांत पोटात कळा येतात पण रक्त जात नाही किंवा अगदी थेंबभर जातं, असं झालं तर तोंड आक्रसलं असावं. आत रक्त साठतं. ते रुंद करून घेता येतं. लवकर दाखवलं तर सोपं असतं. टाक्याचा धागा योनीत उघडा पडला तरी स्राव आणि रक्त सुरू होतं. त्यालाही लगेच दाखवा.

## पायरी १२: दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावर

ट्रॅकेलेक्टॉमीनंतर साधारण ६ महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. तोवर गर्भनिरोधन नीट वापरा. पुढे ६ ते १२ महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर आधी तोंड आक्रसलंय का ते पाहतात, मग इतर उपचार. टेस्ट-ट्यूब करायची वेळ आली तर एकच भ्रूण सोडायचा. आखूड, टाक्यावर तोललेली पिशवी जुळी धरू शकेल यावर विसंबू नका. दोन भ्रूण सोडण्याचा आग्रह कुणीही केला तरी नाही म्हणा.

गर्भधारणा ही पहिल्या दिवसापासून जोखमीची. मुख्य भीती दोन: मधल्या महिन्यांतला गर्भपात आणि लवकर पाणी जाऊन अपुऱ्या दिवसांची प्रसूती. कारण साधं आहे. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव जंतूंना अडवतो, आणि आता तो भागच नाही. जंतू वर चढतात, बाळाभोवतीच्या पडद्याला सूज येते, पाणी फुटतं. म्हणून लघवी आणि योनीच्या जंतुसंसर्गाची तपासणी लक्षण नसतानाही नियमित. १४ ते १६ आठवड्यांपासून उरलेल्या तोंडाची लांबी सोनोग्राफीने वरचेवर मोजतात. अनेक ठिकाणी प्रोजेस्टेरॉनही देतात. नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय सुरुवातीलाच ठरवा, सातव्या महिन्यात शोधू नका.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झाला तर पिशवी औषधाने किंवा काळजीपूर्वक रुंद करून रिकामी करता येते. टाका बहुधा तसाच राहतो. नंतरच्या महिन्यांत तो कापावा लागू शकतो किंवा पोटातून मार्ग काढावा लागतो. त्यामुळे हे काम टाक्याची माहिती असलेल्या डॉक्टरकडेच.

प्रसूती सिझेरियननेच, बहुधा ३७ आठवड्यांच्या आसपास ठरवून. पिशवीचा खालचा भाग आखूड झालेला असल्याने छेद नेहमीपेक्षा वर घ्यावा लागतो, कधी उभाही. तो खाली फाटत टाक्यापर्यंत किंवा बाजूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेला तर रक्तस्राव आवरत नाही. फक्त कोन झालेल्या बाईला मात्र नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. दोन्ही गोष्टी एकच समजू नका.

गरोदरपणात नेहमीच्या पर्समध्ये एक कागद ठेवा: 'ट्रॅकेलेक्टॉमी झालेली आहे. कायमचा टाका आहे. कळा सुरू झाल्यास योनीमार्गे प्रसूतीची वाट पाहू नये, तातडीने सिझेरियन.' खाली सर्जनचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख आणि रक्तगट. मध्यरात्री अनोळखी रुग्णालयात जावं लागलं तर बोलायची शुद्ध नसते, तेव्हा हा कागद बोलतो.

मूल झाल्यावर पिशवी काढलीच पाहिजे असा नियम नाही. एचपीव्ही वारंवार पॉझिटिव्ह येत असेल, पॅप सतत बिघडलेली असेल किंवा आक्रसलेल्या तोंडामुळे तपासणीच नीट होत नसेल, तर तो विषय निघतो. नाहीतर तारखा चुकवू नका, तपासण्या पूर्वीसारख्याच सुरू ठेवायच्या.